घर घेऊन माहेरी

घर सोडून चार दिवस कुठेतरी जावे असे ज्याला कधीच वाटले नाही, असा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. आणि घर सोडल्यावर तिसऱ्या दिवशी ज्याला घरच्या वरणभाताची आठवण झाली नाही, असाही. आपल्याला जायचेही असते आणि राहायचेही असते. परगावच्या लॉजमधली उशी आपल्या मानेला ओळखत नाही, तिथल्या न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ कोणत्या बाजूला फिरवायचा हे निघायच्या दिवशी कळते, आणि सकाळचा चहा आपल्याला हवा तेव्हा न येता वेटरच्या मनात येईल तेव्हा येतो. मग घरच बरोबर नेता आले तर? हा विचार गोगलगाईला फार पूर्वी सुचला. माणसाला सुचायला जरा वेळ लागला, आणि मला सुचायला तर गेला जानेवारी उजाडावा लागला.

त्या जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारसाठी मी कॅराव्हॅन भाड्याने घेतली. ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांनी एखादी मोठी टेंपो ट्रॅव्हलर डोळ्यांपुढे आणावी, तिच्यातली बाके काढून टाकावीत आणि त्या जागी दीड खोलीचा संसार मांडावा. शिरल्याबरोबर हातभर ओटा, त्यावर विजेची शेगडी, खाली गुडघ्याएवढा फ्रिज. समोर जेवणाचे टेबल, ज्याचा रात्री पलंग होतो. आणि मागे एक कोठडी, जिला न्हाणीघर आणि शौचकूप ही दोन्ही नावे शोभतात, फक्त एका वेळी एक. खिडक्यांना जाळ्या, बाहेर ओढून काढता येणारी कापडी पडवी, आणि हे सारे चालवायला एक चालकदादा. आपल्या राज्य सरकारने 2021 साली कॅराव्हॅन-पर्यटनाचे धोरणच जाहीर केले, तेव्हापासून ही चीज माझ्या मनात घर करून होती. घराने मनात घर करावे, ही कोटी मी सौ.ला ऐकवलीही होती. तिने ती बँकेतल्या कॅशबुकाकडे पाहावे तशा चेहऱ्याने ऐकली.

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या हाती नवी वस्तू आली की तो आधी तिचा शब्द उलगडून पाहतो. 'कारवान' हा मूळचा फारसी शब्द. वाळवंटातून जाणारा व्यापाऱ्यांचा आणि उंटांचा काफिला, तो कारवान. हा शब्द युरोपात गेला, चाकांवर चढून कॅराव्हॅन झाला, आणि इंग्रजांनी त्याचे डोके उडवून उरलेल्या धडाची 'व्हॅन' केली. आपला शब्द तांडा. बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोणी लादून मुलुखभर फिरणाऱ्या लमाणांचा तांडा. पण त्यांचे फिरणे पोटासाठी होते. निव्वळ हौसेसाठी घर घेऊन भटकण्याचा पहिला मान बहुतेक सगळे जण गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टरला देतात. 1885 साली त्याने 'वाँडरर' नावाची खास गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि दक्षिण इंग्लंडातून निघून तो थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. त्याच्याबरोबर एक कुत्रा होता, एक गाडीवान होता आणि एक खासगी नोकर होता. यातल्या नोकराच्या तपशिलाकडे मी निघताना जरा जास्त लक्ष द्यायला हवे होते.

पण मूळ कारण शब्दाचे नव्हते, हौसेचेही नव्हते. सौ.चे माहेर साताऱ्याचे. मंगळवार पेठेत जुने, पुढे ओटा आणि मागे परस असलेले घर. लग्नानंतरच्या वीस-बावीस वर्षांत आम्ही पुण्याहून साताऱ्याला किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. पण प्रत्येक वेळी गेलो ते सरळ. वाटेतली वाई कधी पाहिली नाही, मेणवली पाहिली नाही. माहेरी जाणारी बाई वाटेत प्रेक्षणीय स्थळे पाहत नाही, आणि तिचा नवरा पाहू म्हणाला तर त्याला पाहू देत नाही. सासूबाई गेल्या त्याला त्या जानेवारीत दोन वर्षे झाली होती. मेहुणे नोकरीनिमित्त दूर स्थायिक झालेले. रिकामे घर किती दिवस राखायचे? आदल्या उन्हाळ्यात ते विकले. व्यवहार रीतीने झाला, सह्या झाल्या, कुणाचे कुणाशी वाकडे आले नाही. फक्त त्या वर्षीची दिवाळी आली आणि सौ.ने कपाटातली प्रवासाची बॅग काढली नाही. मुलगा शिकायला परगावी. घरात आम्ही दोघेच. ती काही बोलली नाही. मग मला वाटले की साताऱ्याला उतरायला घर उरले नाही, तर आपण घरच घेऊन जाऊ. ही कल्पना मला इतकी काव्यमय वाटली की तिच्यातली भांडी मला दिसलीच नाहीत.

ती सौ.ला दिसली. शुक्रवारी संध्याकाळी बँकेतून येऊन तिने सामान काढले : तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, मसाल्याचा डबा, कुकर, तवा, पोळपाट, गाळणे, भांडी घासायची घासणी. मी एक यादी काढली : ढोल्या गणपती, विश्वकोशाची कचेरी, मेणवलीचा वाडा, धोम, लिंबची विहीर, अजिंक्यतारा, चार भिंती, साताऱ्याचे संग्रहालय. दोघांचीही तयारी जय्यत होती. फक्त ती दोन वेगवेगळ्या प्रवासांची होती.

शनिवारी उजाडता निघालो. कात्रज गेला, नीरा ओलांडली, शिरवळ गेले. जेवणाच्या टेबलाशी बसून, काचेतून मागे धावणारी झाडे पाहत घरचा चहा प्यायचे सुख मी घेतले ते खंबाटकीच्या घाटात. सुख म्हणजे पहिले वळण येईपर्यंतचे. वळणावर ओट्यावरचे सारे काही डावीकडे गेले, पुढच्या वळणावर उजवीकडे आले, आणि सौ. दोन्ही हातांनी फडताळाची दारे धरून उभी राहिली. “दादा, जरा सांभाळून,” मी म्हणालो. दादा आरशातून म्हणाले, “सर, मी सांभाळूनच चाललोय. मॅडमना सांगा, फडताळाला कडी आहे.” घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा दर वेळेप्रमाणे सौ.ने खिडकीतून बाहेर पाहिले. घाट उतरला की हवा बदलते, असे ती नेहमी म्हणते. या वेळी म्हणाली नाही.

सुरूरच्या फाट्यावरून वाईत शिरलो. कृष्णेच्या काठचा ढोल्या गणपती 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधवला. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आपटून दुभंगावे आणि देऊळ शाबूत राहावे म्हणून. देवापुढे उभे राहून मी ही गोष्ट सौ.ला समजावून सांगितली. ती म्हणाली, “बघा, समोरून देव आणि पाठीमागे सगळा पूर. घरोघरी असंच असतं.” मी हसलो. काही वाक्यांचा अर्थ कळायला मला एक मुक्काम लागतो.

तिथून मी तिला विश्वकोशाच्या कचेरीकडे नेले. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठीतले सारे ज्ञान अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने मांडायचा घाट घातला, त्या गावी येऊन मराठीच्या अध्यापकाने तिथे डोके टेकवू नये हे बरे नव्हे. पहिला खंड 1976 साली निघाला आणि विसावा 2015 साली. एका पिढीने पाया घालावा आणि दुसरीने कळस चढवावा, असे हे काम. सरकारी कचेऱ्यांचा आठवडा 2020 पासून पाच दिवसांचा झाला आहे आणि आज शनिवार आहे, ही ज्ञानकणिका मात्र माझ्यापाशी नव्हती. बंद दारासमोर उभे राहून मी पाच मिनिटे विश्वकोशाचे महत्त्व सांगितले. सौ. शांतपणे म्हणाली, “मला आधी विचारलं असतंत, तर सांगितलं असतं. शनिवारी काय उघडं असतं नि काय बंद, हे बँकेतल्या बाईला ठाऊक असतं.”

मेणवली वाईपासून हाकेच्या अंतरावर. नाना फडणविसांचा वाडा, सहा चौकांचा. मागच्या दाराने बाहेर पडावे तो कृष्णेचा घाट. इतकी शांत जागा मी क्वचितच पाहिली असेल. चंद्रकोरीसारख्या वळलेल्या पायऱ्या, वर मेणेश्वराचे देऊळ, आणि शेजारी एक भलीमोठी घंटा. ही घंटा मुळात देवळातली नव्हे, चर्चमधली. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हाच्या लुटीत ती मराठ्यांच्या हाती आली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि 1707 हे साल आहे. परमुलखातून आणलेली, परधर्माची, आणि इथे येऊन शंकराच्या दारी टांगलेली. सौ. तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहत होती. मला वाटले, आता ती इतिहास विचारणार. तिने विचारले, “हिचा आवाज कधी बदलला असेल का हो?”

या घाटाला हल्लीच्या पिढीत आणखी एक ओळख आहे. आशुतोष गोवारीकरांचा 2004 सालचा 'स्वदेस' चित्रपट इथे चित्रित झाला. अमेरिकेतला नायक आपल्याला लहानाचे मोठे करणाऱ्या बाईला न्यायला खेड्यात येतो, आणि खेड्यात सोय नसेल या भीतीने येताना आणतो काय, तर कॅराव्हॅन! स्वयंपाकघर, पलंग, पिण्याचे पाणी, सारे चाकांवर. पुढे गावाने त्याला त्या गाडीतून कसे हळूहळू बाहेर काढले, तीच चित्रपटाची गोष्ट. आमची गाडी त्याच गावाच्या वेशीत उभी होती, म्हणून मला फार अभिमान वाटत होता. तो पुरता अर्धा तास टिकला.

झाले असे की, दुपारचे जेवण गाडीतच करायचे ठरले होते. ठरवणारा मी. सौ.ने कुकर लावला, पिठले केले, तिघांची ताटे वाढली. जेवून मी आणि दादा वडाच्या सावलीत पडलो. घाट पाहण्यासारखाच होता, फक्त आता तो मी आडवा होऊन पाहत होतो. गाडीच्या टाकीत शंभर लिटर पाणी. ते पुरवून वापरायचे म्हणून सौ. उष्टी भांडी बादलीत घेऊन, खरकटे पुसून, पेल्यापेल्याने पाणी घेत पडवीखाली विसळत बसली. घाटावर धुणे आटोपून वर आलेली एक म्हातारी तिच्याजवळ थबकली. पाठीवर ओल्या धुण्याचे गाठोडे, कपाळावर आडवे कुंकू. तिने एकदा गाडीच्या आत डोकावून पाहिले.

“समदं घरच घिऊन आलायसा जनू?”

“हो आजी,” सौ. म्हणाली.

“कुनीकडं निघालायसा?”

“साताऱ्याला. माहेर होतं माझं तिथं.”

म्हातारीने 'होतं' हा शब्द ऐकला असावा. ती जरा वेळ गप्प राहिली. मग बादलीतल्या कुकरकडे बोट दाखवून म्हणाली, “आन् माहेराला जाताना चूल संगट न्हेतीस व्हय गं बाई?”

एवढे बोलून ती निघून गेली. मी डोळे मिटून पडलो होतो, म्हणजे जागा होतो.

माहेर या शब्दावर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. जात्यावरच्या गाण्यांत ते किती येते, संतांना पंढरीचे माहेर का वाटले, हे सारे मी दरवर्षी मुलांना सांगतो. पण माहेर म्हणजे ज्या घरात आपल्यापुढे दुसरे कोणीतरी ताट वाढून ठेवते ते घर, ही साधी व्याख्या मेणवलीच्या त्या म्हातारीने मला दिली. आणि त्या हिशेबाने मी सौ.साठी माहेर आणलेच नव्हते. मी सासर आणले होते, चाके लावून.

रात्री एका शेतकऱ्याच्या वस्तीवर गाडी लावली. मालकांनी विजेची तार दिली, गोठ्याजवळच्या नळावरून टाकी भरून दिली. मी न्हाणीघरात शिरून पाचगणीच्या बाजूने येणाऱ्या गारठ्यावर उतारा म्हणून यथेच्छ ऊन पाण्याचा फवारा घेतला, आणि सौ. तोंड धुवायला गेली तेव्हा नळाने नुसताच सुस्कारा टाकला. शंभर लिटर म्हणजे किती, हे त्या दिवशी कळले. घरी मोटार लावली की पाणी येते. ते किती येते आणि कोण पुरवून वापरते, हे कळायला टाकी पायाखाली असावी लागते. टेबलाचा पलंग केला. पाय पसरले की ते फ्रिजला लागत. अंधारात मी विचारले, “दमलीस?”

“नाही. रोजचंच आहे. फक्त ओटा लहान.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुम्ही आणलंत ते बरं केलंत हो. पण एक सांगू? आई होती तेव्हा मी घाट उतरला की माझी मीच राहायचे नाही. कोणाची तरी मुलगी व्हायचे. ते घर विकल्याचं एवढं नाही. पण आता मला 'बस, मी करते' असं म्हणणारं कोणी नाही.”

उत्तर द्यायला हवे होते. वर्गात मला उत्तरे फार लवकर सुचतात.

पहाटे पाचला जाग आली तेव्हा सौ. शेगडीवर चहा करत होती. बांधापलीकडे, उसाच्या थळात, पाचटाच्या पाचसहा कोप्या होत्या. ऊसतोडीच्या हंगामात दूरच्या दुष्काळी तालुक्यांतून शेकडो जोडपी इकडे येतात. त्यांच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचल मिळते ती कोयत्याला, मोजले जाते ते कोयत्याला. त्यांच्याही बैलगाड्यांवर सारे घर असते : पाण्याचे पिंप, तवा, पीठ, अंथरुणे, कोंबड्या, पोरे. एका कोपीपुढे एक बाई चुलीशी वाकून फुंकर घालत होती. दिवस उजाडायच्या आत भाकऱ्या करायच्या आणि मग नवऱ्याच्या बरोबरीने ऊस तोडायला जायचे. नवरा अजून घोंगडीत होता. त्याच्याबद्दल मी काही बोलण्याच्या स्थितीत नव्हतो. सौ. खिडकीतून तिच्याकडे पाहत होती. “तिचं निम्मं वर्ष असंच जातं,” ती म्हणाली, “आणि मी दोन दिवसांत कुरकुर करतेय.”

“तू कुरकुर केलेली नाहीस,” मी म्हणालो, “केली असतीस तर बरं झालं असतं. आज दुपारचं जेवण मी करतो.” तिने गाळणे खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात आनंदापेक्षा काळजी अधिक होती.

वाटेत लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहिली. यादीतली ही एकच जागा सौ.ने स्वतः होऊन पाहू म्हटले. सातारच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या वर्षांत ही बांधवली. एकशे दहा फूट खोल, पन्नास फूट रुंद, अष्टकोनी. मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत. नाव बारांचे का पडले कोण जाणे. या पाण्यावर तीन हजारांहून अधिक झाडांची आमराई पोसली जाई असे सांगतात. विशेष म्हणजे ही नुसती विहीर नव्हे. पायऱ्या उतरून आत गेले की दगडी दालने लागतात, कोरीव खांब लागतात, आणि बसायला सज्जे. बाहेर ऊन चटकत होते. आत माठातल्यासारखा गारवा. सौ. एका सज्जात बसली. मी खिशातून माहितीचा कागद काढला, आणि काय वाटले कोण जाणे, परत ठेवला. ती वीस मिनिटे तशीच बसून होती. पाण्यात पारवे आपली सावली पाहत होते. उठताना म्हणाली, “बाईनं बांधलेली जागा आहे. पाणी काढायला आलेल्या माणसाला बसायला जागा ठेवलीय, बघा.”

महामार्गावर येताच दादांनी विचारले, “सर, सातारा करायचा की माघारी फिरू?” मी सौ.कडे पाहिले. तिने खिडकीतून समोर पाहिले. दूर अजिंक्यतारा दिसू लागला होता. “पेढे घ्यायला तरी जाऊ,” ती म्हणाली.

आमची गाडी पेठेतल्या बोळात शिरणे शक्यच नव्हते. बसस्थानकाच्या पलीकडे एका मोकळ्या जागेच्या कडेला ती लावली. सौ. पर्स घेऊन उतरली. “मी येते जाऊन. तुम्ही बसा गाडीत.” मी येऊ का, असे विचारायचे तोंडावर आले होते. पण बावीस वर्षांत मी त्या घरी नेहमी जावई म्हणून गेलो होतो. त्या दिवशी तिथे जावयाचे काम नव्हते.

मी ओट्याशी उभा राहिलो. तांदूळ, मुगाची डाळ, हळद. खिचडी हा सोपा पदार्थ आहे असे मला आजवर वाटत होते, कारण मी तो नेहमी ताटात पाहिला होता. पाणी किती, हे विचारायला मी दादांकडे गेलो. ते म्हणाले, “सर, या गाडीत मी शंभरेक जोड्या फिरवल्या असतील. हा प्रश्न मला आजवर कुणी साहेबानं विचारला नाही.” मग त्यांनी बोटाच्या पेराने पाणी मोजून दाखवले. कुकरच्या शिट्ट्या मी मोजल्या. चौथी झाली की पाचवी यावर आमचा मतभेद झाला. मसाल्याच्या डब्यातली मोहरी आणि खसखस या दोन भगिनींचीही मी अदलाबदल केली. अखेर खिचडी झाली. चिकट होती, बुडाला लागलेली होती, पण तिला खिचडी म्हणता येत होते. मी टेबल पुसले, दोन ताटे मांडली, पापड भाजला, आणि वाट पाहत बसलो.

एक वाजला. दीड वाजला. जेवण करून ठेवून वाट पाहणे म्हणजे काय असते, हे मला पंचेचाळिशीनंतर कळले. मिनिटामिनिटाला झाकण उचलावेसे वाटते, आणि दर वेळी आतला पदार्थ थोडा अधिक गार आणि थोडा अधिक केविलवाणा दिसतो. माझ्या सभासंमेलनांच्या रात्री किती झाकणे अशी उचलली गेली असतील?

दोन वाजून गेल्यावर सौ. रिक्षातून उतरली. एका हातात कंदी पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला गवताचा जुडगा. पाने हिरवीगार, खाली मातीसकट मुळे.

“घर?” मी विचारले.

“पाडलंय. पायाचे खड्डे खणलेत. ओटा तेवढा आहे अजून.” हे तिने सरळ सांगितले. “मी नुसतीच उभी होते, तर समोरच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली. मला माहेरच्या नावानं. आत नेलं, हातपाय धुवायला पाणी दिलं. 'बस, मी करते' म्हणाल्या. भाकरी, वांग्याची भाजी आणि ताक. ताट वाढलं नि मला उठूच दिलं नाही, पाणी घ्यायलासुद्धा.” तिचा आवाज जरासा हलला. “आणि हा बघा गवती चहा. काकूंच्या अंगणात आहे. आईनंच दिला होता त्यांना, कधीतरी पंधरा वर्षांपूर्वी. आमच्या परसातला उपटला गेला. हा राहिला.”

मग तिची नजर टेबलाकडे गेली. दोन ताटे, मधोमध कुकर, गार पापड.

“अगं बाई,” ती म्हणाली, “मी तर जेवून आले!”

मी आणि दादांनी खिचडी खाल्ली. दादा दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, “चव आहे सर, नुसती करपलीय.” सौ.ने भांड्यांना हात लावला, तेव्हा मी म्हणालो, “बस, मी करतो.” हे वाक्य माझ्या तोंडी फारसे शोभले नाही. पण ती बसली. चार लिटर पाण्यात एक करपलेला कुकर कसा घासायचा याचे शास्त्र मोठे आहे आणि मला त्याची केवळ तोंडओळख झाली आहे. त्यावर या पानात लिहिण्याचा अधिकार मला नाही.

अजिंक्यतारा राहिला, चार भिंती राहिल्या, संग्रहालय राहिले, आणि धोम तर अलीकडेच सुटले. परतीच्या वाटेवर खंबाटकीला घाट लागत नाही. पुण्याकडे येणारी गाडी बोगद्यातून येते. बोगद्यातले दिवे एकामागून एक सौ.च्या चेहऱ्यावरून सरकत होते. ती खिडकीला डोके टेकून गाढ झोपली होती, मांडीवर तो मातीचा पुडा तसाच धरून. साताऱ्याहून परतताना तिला अशी झोप लागलेली मी फार दिवसांनी पाहिली.

गवती चहा आमच्या गॅलरीतल्या कुंडीत रुजला. पावसाळ्यात इतका माजला की शेजारच्या दोन घरी आम्ही जुडगे दिले. आता दिवाळी आली आहे. या वेळी सौ.ने बॅग काढली आहे आणि काकूंसाठी चकल्यांचा डबा वेगळा भरला आहे. माझ्यात फार सुधारणा झाली असे मी म्हणणार नाही. बायकोने हा अंक वाचायचा आहे. रविवारचा सकाळचा चहा मात्र मी करतो. पात किती आणि केव्हा टाकायची हे अजून जमत नाही. कधी चहा लागतो, कधी नुसते गवत. सौ. काही बोलत नाही. वर्तमानपत्र वाचत बसून राहते, आणि कप पुढे आला की न पाहता हात पुढे करते.